थिंपूची वाट नाशिकवरून जाते

भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, मालदीव आणि भूतान या सात शेजाऱ्यांची कुमार फुटबॉल स्पर्धा साधारण दहा-बारा दिवसांत आटोपते. ती भरवणारी संस्था म्हणजे दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघ. सगळे तिला 'सॅफ' म्हणतात. १९९७ मध्ये सहा देशांनी ती स्थापन केली, २००० मध्ये भूतान तिच्यात आला. अफगाणिस्तान २००५ मध्ये दाखल झाला आणि दहा वर्षांनी मध्य आशियाच्या गटात निघून गेला. कचेरी ढाक्यात आहे. मोठ्यांच्या सॅफ स्पर्धेची बातमी वर्तमानपत्रांत छापून येते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची स्पर्धा क्रीडापानाच्या तळाशी दोन परिच्छेदांत संपते. पण मुलाच्या अंगावर देशाची निळी जर्सी पहिल्यांदा चढते ती बहुधा याच स्पर्धेत.

पहिली स्पर्धा २०११ मध्ये काठमांडूत झाली. ती १६ वर्षांखालील मुलांची होती आणि पाकिस्तानने अंतिम सामन्यात भारताला हरवून ती जिंकली. पुढे गट कधी १५ वर्षांचा झाला, कधी १६ तर कधी १७ वर्षांचा. कारण सोपे आहे. आशियाई पात्रता फेरीत त्या वर्षी ज्या वयाची मुले खेळवायची असतात, त्याच वयाची मुले शेजाऱ्यांशी आधी भिडवून घेतली जातात. पहिल्या स्पर्धेनंतर चषक भारत किंवा बांगलादेशकडेच गेला आणि २०१९ पासून सलग पाच वेळा तो भारताकडे आहे. खानदेशातल्या, म्हणजे जळगाव-धुळ्याच्या एखाद्या मुलाला ही जर्सी मिळवायची असेल तर वाट कशी आहे, ती कुठे रुंद होते आणि कुठे बुजते, हा या लेखाचा विषय.

सात देश, एक मैदान

यजमान देश बहुतेक वेळा एकच मैदान देतो. काठमांडूजवळचे सातदोबाटोचे मैदान, थिंपूचे चांगलिमिथांग, कोलंबोचे रेसकोर्स ही नावे परत परत येतात. कोलंबोचे मैदान नावाप्रमाणेच एके काळी घोड्यांच्या शर्यतींचे होते आणि दुसऱ्या महायुद्धात तिथे विमाने उतरत. थिंपू समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटरवर आहे, जळगाव दोनशेच्या आसपास. जळगावात मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत धावणाऱ्या मुलालाही तिथे पहिल्या वीस मिनिटांत धाप लागेल; हवा थंड असते, पण विरळ असते. म्हणून संघ दोन-चार दिवस आधी पोचतात.

दोन गट, मग उपांत्य सामने, मग अंतिम, असा साचा असतो. सामन्यांमध्ये एक-दोन दिवसांचीच विश्रांती मिळते. त्यामुळे अकरा चांगली मुले असून भागत नाही, सतरा-अठरा लागतात. राखीव मुलांची खरी किंमत तिसऱ्या सामन्यात कळते. या वयात अंगाची वाढ सारखी झालेली नसते. एका संघात मिसरूड फुटलेला बचावपटू आणि त्याच्या खांद्याला लागणारा विंगर शेजारी शेजारी उभे राहून राष्ट्रगीत म्हणतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये कोलंबोला भारताने गटात पाकिस्तानला ३-२ असे हरवले आणि अंतिम सामन्यात बांगलादेशला गाठले. निर्धारित वेळेत २-२ अशी बरोबरी झाली. टायब्रेकर भारताने ४-१ जिंकला. संघाचे प्रशिक्षक बिबियानो फर्नांडिस गोव्याचे. सॅफच्या कुमार गटांतली भारताची अनेक विजेतेपदे त्यांच्याच हाताखाली आली आहेत. दोन महिन्यांनी याच वयोगटाच्या संघाने अहमदाबादेत इराणला २-१ असे हरवून आशियाई स्पर्धेचे तिकीट काढले. शेजाऱ्यांशी झालेल्या त्या सामन्यांचा उपयोग तिथे दिसला. भरल्या मैदानात, दुसऱ्या देशात, टायब्रेकरच्या दडपणाखाली खेळलेला मुलगा पुढच्या सामन्यात कमी गांगरतो.

ढाक्यातली नाणेफेक

या स्पर्धांत मुलांइतकीच व्यवस्थेचीही परीक्षा होते. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी ढाक्याच्या कमलापूर मैदानावर मुलींच्या १९ वर्षांखालील सॅफचा अंतिम सामना भारत आणि बांगलादेश यांच्यात झाला. १-१ अशी बरोबरी. टायब्रेकर सुरू झाला आणि संपेचना. दोन्ही संघांच्या अकराही मुलींनी, गोलरक्षकांसकट, पेनल्टी मारल्या आणि सगळ्या गोलमध्ये गेल्या. ११-११.

फुटबॉलच्या नियमांत यापुढचे उत्तर स्पष्ट आहे: त्याच मुली पुन्हा रांगेने येतात आणि एक चुकेपर्यंत मारत राहतात. त्या रात्री मात्र सामना आयुक्तांनी नाणेफेकीने निकाल लावायचे ठरवले. नाणे भारताच्या बाजूने पडले, भारताच्या मुली नाचू लागल्या, बांगलादेशच्या मुलींनी मैदान सोडायला नकार दिला, प्रेक्षकांतून बाटल्या आल्या. मग निर्णय फिरवला गेला. तोवर भारतीय संघ मैदानाबाहेर गेला होता. बऱ्याच वेळाने दोन्ही संघांना संयुक्त विजेते जाहीर करण्यात आले. बावीस पेनल्टी अचूक मारणाऱ्या मुलींना त्या रात्री मोठ्यांनी नीट वागवले नाही. निकाल मैदानावर लागायला हवा होता आणि तो लावण्याची हिंमत त्या मुलींत होती.

काळ्या मातीवरचा पावसाळा

खानदेशात वाट सुरू होते ती शाळेच्या मैदानावरून. पहाटे सहाला जळगाव किंवा धुळ्यातल्या कुठल्याही मोठ्या मैदानावर जावे. एका कडेला पोलीस भरतीची मुले धावत असतात, दुसऱ्या कडेला ज्येष्ठ मंडळी फेऱ्या मारतात, मधल्या जागेत क्रिकेटची तीन-चार जाळी किंवा नुसत्या विटा मांडलेल्या असतात. फुटबॉलवाल्यांच्या वाट्याला उरलेला कोपरा येतो. चार चपला ठेवल्या की दोन गोल झाले. 'पास दे ना भो!' अशी हाक ऐकू आली की गाव ओळखू येते. हा 'भो' पुण्यात किंवा कोल्हापुरात सापडत नाही. काही मुलांच्या पायात स्टड असतात, काहींच्या कॅनव्हासचे बूट, काही अनवाणी. स्टडची एक जोडी दोघे आळीपाळीने वापरताना दिसतात.

जमीन काळी, कापसाची. उन्हाळ्यात तिला घोटा अडकेल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती चेंडूला धरून ठेवते. शालेय स्पर्धांचा हंगाम नेमका पावसाळ्यातच येतो. सुब्रतो चषकाचे सामने शाळा उघडल्यानंतर थोड्याच दिवसांत सुरू होतात. पाठोपाठ शालेय क्रीडा स्पर्धा येतात, १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांच्या. चिखलात पास पुढे सरकत नाही, म्हणून मुले चेंडू उंच मारायला शिकतात. पुढे हिरवळीवर किंवा कृत्रिम गवतावर खेळायची वेळ आली की तीच सवय आड येते.

या स्पर्धांची शिडी अशी. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय जिल्ह्याचे सामने घेते. महापालिका असलेली शहरे वेगळी मोजली जातात, त्यामुळे जळगाव ग्रामीण आणि जळगाव मनपा, धुळे ग्रामीण आणि धुळे मनपा असे संघ वेगवेगळे उतरतात. तिथला विजेता नाशिक विभागात जातो. विभागीय सामने कधी नाशिकला असतात, कधी धुळे-जळगावातही. पण तिथे नाशिक आणि मालेगावच्या शाळांशी गाठ पडते आणि ही दोन्ही शहरे फुटबॉलमध्ये तयारीची आहेत. विभाग जिंकला की राज्य, राज्य जिंकले की राष्ट्रीय स्पर्धा.

सुब्रतो चषक १९६० पासून भारतीय हवाई दल भरवते. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांचे नाव त्याला आहे. शाळेतल्या मुलाला शेजारी देश भेटतो तो इथे. बांगलादेशची सरकारी क्रीडा शाळा बीकेएसपी आणि इतर शेजारी देशांच्या शाळा यात येऊन खेळलेल्या आहेत. म्हणजे जळगावच्या शाळेने जिल्हा, विभाग आणि राज्य पार केले तर तिची गाठ ढाक्याच्या मुलांशी पडू शकते, देशाची जर्सी न मिळताही.

ही शिडी मात्र बाद पद्धतीची आहे. जो हरला तो घरी. चोपडा, यावल, शिरपूर किंवा साक्रीहून पहाटेच्या एसटीने आलेला संघ दहाच्या सुमारास मैदानात उतरतो. सामने उरकायचे असल्याने वेळ बहुधा कापलेला असतो. अकराच्या आत तो हरतो, डबा खातो आणि दुपारच्या गाडीने परततो. वर्षाची फुटबॉल स्पर्धा संपली. पुढच्या वर्षी हीच मुले दुसऱ्या वयोगटात गेलेली असतात. दहावी-बारावीला मिळणाऱ्या क्रीडा गुणांसाठी प्रमाणपत्र कामी येते आणि त्यात वाईट काही नाही. पण वर्षातून एक सामना खेळून कुणी फुटबॉल शिकत नाही.

एक जून

दुसरा अडसर कागदाचा आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यांत एके काळी निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला असे. शाळा जूनमध्ये उघडायची, आई-बापाला तारीख सांगता यायची नाही, गुरुजी पोराकडे बघून वर्ष ठरवायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. उजव्या हाताने डोक्यावरून डावा कान धरता आला की पोरगा पहिलीच्या वयाचा झाला, ही परीक्षाही अनेक गावांत चाले. तीच तारीख पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, त्यावरून आधारवर आणि सगळीकडे जाते. आता दवाखान्यात जन्म होतात, नोंद होते. तरीही सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला जाणाऱ्या कुटुंबांत जन्माची नोंद उशिरा झालेली मुले आजही आहेत.

फुटबॉल संघटनांना उशिरा केलेली नोंद चालत नाही किंवा तिच्याकडे संशयाने पाहिले जाते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन नोंदणीत जन्मदाखला चढवावा लागतो. एकदा चढलेली तारीख मग मुलाला कायमची चिकटते. वयाची रेघ १ जानेवारीला असते: २०२६ च्या १७ वर्षांखालील आशियाई स्पर्धेसाठी जन्म १ जानेवारी २००९ किंवा त्यानंतरचा हवा. २००८ च्या डिसेंबरात जन्मलेला मुलगा काही दिवसांनी बाहेर. जानेवारीत जन्मलेला मात्र त्याच वर्षीच्या डिसेंबरवाल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असून त्याच गटात खेळतो. जगभरच्या कुमार संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुले जास्त दिसतात, त्याचे कारण हेच.

डाव्या हाताचा एक्स-रे

कागदावर विसंबता येत नाही म्हणून हाडाला विचारले जाते. मुलगा खुर्चीवर बसतो, डावा हात पंजा पसरून प्लेटवर ठेवतो, एका क्षणात फोटो निघतो. हाताच्या आणि मनगटाच्या हाडांच्या टोकांशी कूर्चेची पट्टी असते. हाड तिथून वाढते. वय वाढते तशी पट्टी अरुंद होते आणि शेवटी मिटते. एक्स-रेवर ती काळी रेघ म्हणून दिसते. टीडब्ल्यू-३ या पद्धतीत तेरा हाडांना त्यांच्या अवस्थेनुसार गुण देतात आणि बेरजेवरून हाडाचे वय काढतात. फिफाने २००९ पासून १७ वर्षांखालील विश्वचषकासाठी मनगटाचा एमआरआय सुरू केला. अंगठ्याच्या बाजूच्या हाडातली पट्टी पूर्ण मिटलेली दिसली तर मुलगा सतराच्या पुढचा, असे धरतात. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसतो, म्हणून निरोगी मुलांवर तो वापरणे अधिक योग्य.

वय चोरणाऱ्यांना चाप बसलाच पाहिजे. सतराच्या गटात वीस वर्षांचा खेळवला की पंधरा वर्षांच्या खऱ्या मुलाची जागा जाते आणि पायही मोडतो. पण हाडाचे वय आणि जन्माचे वय यांत धडधाकट मुलांतही वर्ष-दीड वर्षाचा फरक पडू शकतो. एक लवकर वाढतो आणि खरा दाखला असूनही नापास होतो. दुसरा उशिरा वाढतो. जिथे खाण्याची आबाळ असते तिथे उशिरा वाढणारी मुले जास्त असतात. अशा मुलाचा तोटा जिल्ह्याच्या निवडीतच होतो: चौदाव्या वर्षी तो किडकिडीत दिसतो, धक्क्यात पडतो, निवड समितीची नजर धिप्पाड पोरावर जाते. हाडाच्या परीक्षेत तो आरामात बसला असता, पण तिथवर पोचतच नाही. खानदेशातल्या आदिवासी तालुक्यांतली कितीतरी चपळ मुले अशी पहिल्याच पायरीवर गळत असणार. निवड करणाऱ्या शिक्षकांनी उंची आणि खांदे बाजूला ठेवून मुलगा चेंडू कसा थांबवतो आणि पास देण्याआधी मान वर करून बघतो का, एवढे पाहिले तरी बरेच साधेल.

कलसिंदूर आणि कोल्हापूर

लहान गावातून राष्ट्रीय संघ उभा राहतो, याचे ठसठशीत उदाहरण शेजारीच आहे. बांगलादेशच्या मैमनसिंह जिल्ह्यात, मेघालयाच्या डोंगरांना लागून कलसिंदूर नावाचे गाव आहे. गावात गारो आदिवासी आणि बंगाली शेतमजूर राहतात. बांगलादेश सरकारने २०१० मध्ये प्राथमिक शाळांतल्या मुलांसाठी आणि २०११ मध्ये मुलींसाठी देशभर फुटबॉल स्पर्धा सुरू केली. कलसिंदूरच्या प्राथमिक शाळेतल्या मुलींनी ती २०१३ पासून सलग तीनदा जिंकली. त्या मुली आधी कुमार सॅफमध्ये खेळल्या, नंतर मोठ्यांच्या. २०२२ मध्ये काठमांडूत सॅफ अजिंक्यपद जिंकणाऱ्या बांगलादेशच्या महिला संघात या एका गावच्या आठ मुली होत्या. शाळेकडे अकादमी नव्हती. एक मैदान होते, मुलींच्या घरी जाऊन आई-बापांना समजावणारे शिक्षक होते आणि दरवर्षी न चुकता येणारी स्पर्धा होती.

महाराष्ट्रातले उदाहरण कोल्हापूरचे. तिथल्या पेठा आणि तालमी शाहू स्टेडियमवर वर्षानुवर्षे साखळी सामने खेळतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावे घरातल्या माणसांसारखी घेतली जातात. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या एकवीस जणांत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्याला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीने घडवले. पण तिथे जाण्याआधी त्याला गावात फुटबॉल दिसत होता. त्याच संघात अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे हा दुसरा मराठी मुलगा होता आणि आठ मुले एकट्या मणिपूरची होती. मणिपुरातही हेच: गावोगावी क्लब आणि भरपूर सामने.

त्या विश्वचषकाच्या तोंडावर, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, महाराष्ट्रभर एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा कार्यक्रम झाला. शाळांना चेंडू मिळाले, मुले दिवसभर खेळली. त्या दिवशी पहिल्यांदा खरा फुटबॉल पायात घेतलेली मुले आता वीस-बावीस वर्षांची आहेत. त्या एका दिवसाला पुढचे रविवार जोडले गेले असते तर आज वेगळे काही लिहिता आले असते.

खानदेशला खेळाचे वावडे नाही. जैन स्पोर्ट्स अकॅडमीने जळगावचे नाव बुद्धिबळ आणि कॅरममध्ये देशभर नेले ते सतत सामने खेळवूनच. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावाला मैदाने आणि वसाहती आहेत, आणि मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याला जाणाऱ्या गाड्या तिथे थांबतात. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात; बाहेरचा संघ बोलावणे किंवा आपला पाठवणे इथून सोपे आहे.

सात रविवार

आठ शाळांचे उदाहरण घेऊ. बाद पद्धतीने स्पर्धा घेतली तर एकूण सात सामने होतात. चार शाळा एकेक सामना खेळून घरी जातात आणि विजेता तीन खेळतो. त्याच आठ शाळांनी प्रत्येकीशी एकदा खेळायचे ठरवले तर अठ्ठावीस सामने होतात आणि प्रत्येक मुलाला सात मिळतात. चौदा वर्षांखालील मुलांचा सामना पंचवीस-पंचवीस मिनिटांचा ठेवला तर एका मैदानावर सकाळी सात ते दुपारी बारा या वेळात चार सामने सहज होतात. चार सामन्यांत आठही शाळा एकदा खेळतात. म्हणजे एक मैदान आणि सात रविवार.

हे रविवार डिसेंबर-जानेवारीत घ्यावेत. तेव्हा खानदेशात थंडी असते, काळी माती वाळलेली पण न भेगाळलेली असते आणि वार्षिक परीक्षा लांब असते. खर्च फक्कीचा, दोन जाळ्यांचा, चार चेंडूंचा, पंचांच्या मानधनाचा आणि पिण्याच्या पाण्याचा. बाहेरगावच्या संघाला एसटीचे भाडे द्यावे लागेल. ती जबाबदारी गावातल्या एखाद्या बँकेने, जिनिंग मालकाने किंवा केळीच्या व्यापाऱ्याने घेतली तर भार कुणालाच जाणवणार नाही. मुलींचे सामने त्याच दिवशी दुपारनंतर घेता येतात. प्रत्येक मुलाचा जन्मदाखला पहिल्या रविवारी तपासून त्याची सीआरएस नोंदणी तिथेच करून द्यावी, म्हणजे पुढे राज्याच्या निवडीत कागदासाठी कुणी अडणार नाही.

जळगाव आणि धुळ्यात फुटबॉल शिकवणारे क्रीडाशिक्षक आहेत, जिल्हा संघटना आहेत, क्रीडा कार्यालये आहेत. ज्या शाळांना मैदान आहे त्यांनी या डिसेंबरात शेजारच्या सात शाळांना पत्र लिहावे.